विश्लेषण : वेल्ह्याचे ‘राजगड’ झाले; फायलींतला बदल टिपणार कोण?

पुणे जिल्ह्यातील वेल्हे तालुक्याचे नाव बदलून ‘राजगड’ करण्यास मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि केंद्राच्या संमतीनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये अधिसूचना निघाली. कार्यालयांवरच्या पाट्या रंगवून होतील, शिक्केही नवे येतील. खरे किचकट काम संगणकातल्या फायलींत आहे. गावांच्या याद्या, नकाशांचे तक्ते, शाळांची माहितीपत्रके, शेतकऱ्यांसाठीची अ‍ॅप, पिनकोडच्या सूची अशा शेकडो ठिकाणी ‘वेल्हे’ हा शब्द बसलेला आहे. तो कुठे बदलायचा, कुठे तसाच ठेवायचा आणि बदलला तर कोणी, कधी, कशाच्या आधारे बदलला हे मागे कसे कळणार? सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी या प्रश्नावर ‘व्हर्जन कंट्रोल’ नावाचे उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच शोधायला घेतले. आज ते मजकूर लिहिण्याच्या एडिटरमध्येच, प्लगइनच्या रूपाने, मिळते. ते कसे चालते, मराठी मजकुराशी त्याचे कुठे बिनसते आणि सातबाऱ्याशी त्याचे नाते काय, याचा हा आढावा.

साधे ‘शोधा आणि बदला’ का पुरत नाही?

कोणत्याही एडिटरमध्ये एक शब्द शोधून त्या जागी दुसरा टाकण्याची सोय असते. ‘वेल्हे’ शोधा, ‘राजगड’ टाका, काम संपले, असे वाटू शकते. प्रत्यक्षात या एका क्लिकने निदान चार प्रकारचे घोळ होतात.

पहिला घोळ गावाचा. बदल झाला तो तालुक्याच्या नावात. तालुक्याचे मुख्यालय असलेले गाव ‘वेल्हे बुद्रुक’च आहे. सरसकट बदल केला की यादीत ‘राजगड बुद्रुक’ नावाचे, कुठल्याच दप्तरात नसलेले गाव जन्माला येते.

दुसरा घोळ मराठीच्या विभक्तीचा. लोक ‘वेल्ह्यात’, ‘वेल्ह्याला’, ‘वेल्ह्याचा’ असे लिहितात. कित्येक जण ‘वेल्हा तालुका’ असेच म्हणतात. ‘वेल्हे’ हा नेमका शब्द शोधणाऱ्या संगणकाला ‘वेल्ह्यात’ सापडत नाही, कारण त्यातली शेवटची मात्रा गेलेली असते. म्हणजे जिथे बदल नको तिथे होतो आणि जिथे हवा तिथे राहून जातो.

तिसरा घोळ ‘राजगड’ या नव्या शब्दाचा. हे नाव परिसरात आधीपासून वापरात आहे आणि गंमत म्हणजे त्यातले बरेच शेजारच्या भोर तालुक्यात. राजगड पोलीस ठाणे नसरापूरला, म्हणजे भोर तालुक्यात. राजगड सहकारी साखर कारखाना निगडे येथे अनंतनगरला, तोही भोरमध्येच. वेल्ह्याला वेगळे पोलीस ठाणे पूर्वीपासून आहे. त्यामुळे एखाद्या तक्त्यात नुसते ‘राजगड’ दिसले तर ते तालुक्याचे, ठाण्याचे, कारखान्याचे की किल्ल्याचे, हे शेजारचा रकाना पाहिल्याखेरीज सांगता येणार नाही. भोरचीही तीच गत. ‘भोर’ ही अक्षरे शोधली की खेड तालुक्यातले भोरगिरीही हाती लागते.

चौथा घोळ काळाचा, आणि तो सर्वांत गंभीर. २०११ च्या जनगणनेत वेल्हे तालुक्याची लोकसंख्या ५४ हजार ५१६ आणि भोरची १ लाख ८६ हजार ११६ नोंदली आहे. त्या तक्त्यात ‘वेल्हे’ खोडून ‘राजगड’ लिहिणे म्हणजे नोंद सुधारणे नव्हे, ती बिघडवणे. भोर विधानसभा मतदारसंघात भोर, वेल्हे आणि मुळशी हे तालुके येतात, असे २००८ च्या पुनर्रचनेच्या आदेशाच्या आधारे लिहिलेल्या जुन्या मजकुरात आहे. त्या दिवशीचे नाव तेच होते.

त्यातही आणखी एक पेच आहे. १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन होण्यापूर्वी भोर संस्थानात पाच तालुके होते. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. म्हणजे ‘राजगड तालुका’ हे नाव नवे नाही, परत आलेले आहे. मात्र तेव्हा प्रचंडगड, म्हणजे तोरणा, हे वेगळ्या तालुक्याचे नाव होते. आज राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले एकाच तालुक्यात आहेत. संस्थानी कागदावरचा ‘तालुके राजगड’ आणि २०२५ नंतरच्या कागदावरचा ‘तालुका राजगड’ यांच्या सीमा एक नाहीत. नाव तेच, जमीन वेगळी. जुन्या दप्तराचे डिजिटायझेशन करणाऱ्या कोणालाही हा फरक तारखेशिवाय सांभाळता येणार नाही.

व्हर्जन कंट्रोल म्हणजे नेमके काय?

महसूल खात्याशी कधी ना कधी संबंध आलेल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. सातबारा ही जमिनीची आजची स्थिती. ती आजच्या स्थितीला कशी आली, हे सांगते ते फेरफार रजिस्टर, म्हणजे गाव नमुना सहा. खरेदी, वारस, वाटणी, बोजा, बक्षीसपत्र अशा प्रत्येक बदलाला त्यात क्रमांक मिळतो, तारीख मिळते, कारण लिहिले जाते. सातबाऱ्यावर नावाशेजारी दिसणारा क्रमांक हा त्या फेरफाराचा. एखादे नाव कमी झाले तरी ते पुसून टाकले जात नाही. त्याला कंस होतो. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारला तेव्हा मयत खातेदार, फिटलेले बोजे अशा नोंदी कंस करून त्यांवर आडवी रेघ मारून दाखवायचे ठरले. खोडलेले वाचता यावे, ही त्यामागची सोय.

व्हर्जन कंट्रोल हेच काम मजकुराच्या फायलींसाठी करते. फाइल ही ‘सातबारा’, तिच्यातल्या बदलांची वही हा ‘फेरफार’. प्रत्येक पक्क्या नोंदीला ‘कमिट’ म्हणतात. कमिटमध्ये काय बदलले, कोणी, कधी आणि एका ओळीत का, एवढे येते. दोन नोंदींमधला फरक दाखवणे याला ‘डिफ’ म्हणतात. फाइलमधली प्रत्येक ओळ शेवटी कोणी आणि कोणत्या नोंदीने बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेचे नाव आहे ‘ब्लेम’, म्हणजे दोष. नाव बरे नाही, पण काम अगदी सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकाचे.

या प्रणालींचा इतिहास मोठा आहे. १९७२ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस तयार केली. १९८० च्या दशकात आरसीएस आणि सीव्हीएस आल्या, २००० मध्ये सबव्हर्जनचे काम सुरू झाले. एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘गिट’ लिहायला घेतली, कारण लिनक्सच्या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या प्रणालीचा मोफत परवाना काढून घेतला गेला. त्याच महिन्यात मर्क्युरिअल ही दुसरी प्रणालीही आली. आज मैदान गिटचे आहे. २०२२ च्या स्टॅक ओव्हरफ्लो सर्वेक्षणात ९० टक्क्यांहून अधिक प्रोग्रामरांनी गिट वापरत असल्याचे सांगितले. तरी जुन्या कंपन्यांत आणि कार्यालयांत सबव्हर्जन अजून टिकून आहे.

गिटमध्ये प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या मजकुरातूनच गणिताने काढलेली असते आणि त्या गणितात आधीच्या नोंदीची ओळखही मिसळलेली असते. त्यामुळे मधलीच एखादी जुनी नोंद गुपचूप बदलली तर तिच्यापुढच्या सगळ्या नोंदींची ओळख बदलते आणि ज्यांच्याकडे जुनी प्रत आहे त्यांना ते लगेच कळते. शिवलेल्या, पानांवर क्रमांक घातलेल्या रजिस्टरमधून मधले पान फाडण्यासारखे हे आहे.

मग एडिटरच्या प्लगइनचे काम काय?

गिट मुळात काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून चालवायची प्रणाली. लिहिणाऱ्याला दर वेळी लेखन सोडून तिकडे जायला लागले तर तो जातच नाही. म्हणून एडिटरमध्येच ही सोय आणण्याचा प्रयत्न जुना आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला एरिक रेमंड यांनी ईमॅक्स या एडिटरसाठी ‘व्हीसी’ हा भाग लिहिला. २००८ मध्ये ईमॅक्ससाठीच ‘मॅजिट’ आले, पाठोपाठ टिम पोप यांनी व्हिमसाठी ‘फ्युजिटिव्ह’ लिहिले. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हीएस कोड आणला तेव्हा गिटची सोय त्यात बसवूनच दिली. पुढे आलेल्या ‘गिटलेन्स’ या प्लगइनने ‘ब्लेम’ची माहिती ओळीच्या शेवटी, फिकट अक्षरांत, सतत दिसेल अशी केली.

प्लगइन स्वतः इतिहास ठेवत नाही. तो काम करतो दुभाष्याचे. फाइल उघडली की प्लगइन ती ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून वर वर चढत जातो आणि गिटचे लपवलेले फोल्डर सापडते का ते पाहतो. सापडले की मागच्या बाजूला गिटला विचारतो : शेवटच्या पक्क्या नोंदीत ही फाइल कशी होती? उत्तर आले की पडद्यावरचा मजकूर आणि ती प्रत यांची तुलना करून डाव्या कडेच्या पट्टीत खुणा उमटवतो. नवी ओळ हिरवी, बदललेली निळी, काढलेल्या ओळीच्या जागी लहानसा लाल त्रिकोण. रंग एडिटरनुसार थोडे बदलतात.

वरवर सोपे वाटणाऱ्या या कामात बारकावे आहेत. लिहिणाऱ्याने फाइल अजून सेव्ह केलेली नसते, तरी खुणा आताच्या मजकुराच्या दिसायला हव्यात. म्हणून प्लगइनला डिस्कवरच्या फाइलऐवजी पडद्यावरचा मजकूर तुलनेला द्यावा लागतो. प्रत्येक कळ दाबताच तुलना केली तर स्वस्तातला लॅपटॉप धापा टाकू लागतो. म्हणून हात थांबल्यावर काही क्षणांनी ती करायची. हजारो ओळींच्या गावयादीत हा फरक चांगलाच जाणवतो.

यापेक्षा मोठा निर्णय म्हणजे प्लगइनने एकाच प्रणालीला धरून राहायचे की अनेकींना. व्हिमसाठी ‘गिटगटर’ फक्त गिटशी बोलतो, तर ‘सिग्निफाय’ गिटबरोबर मर्क्युरिअल, सबव्हर्जन, सीव्हीएस, फॉसिल अशा अनेकांशी. दुसरा मार्ग निवडणाऱ्याला आधी एक समान करार ठरवावा लागतो. ही फाइल नोंदणीत आहे का, तिची जुनी प्रत काय, फरक काय, कोणती ओळ कोणी लिहिली. या प्रश्नांची उत्तरे ज्याला देता येतील ती प्रणाली जोडता येते. व्हीएस कोडने २०१७ च्या सुमारास नेमके हेच केले; आपली गिटची सोय एका सामाईक चौकटीत बसवली आणि त्याच चौकटीत इतर प्रणालींचे प्लगइन लिहिण्याची वाट मोकळी केली. चौकट मात्र गिटच्या मापाने बेतली की दुसऱ्यांना ती टोचते. गिटमध्ये पक्की नोंद करण्याआधी बदल एका मधल्या मंचावर गोळा करण्याची पायरी आहे; सबव्हर्जनमध्ये ती नाही. अशी बटणे दोघांना सारखी दाखवली तर वापरणारा गोंधळतो.

वेल्ह्याच्या उदाहरणात ही मधली पायरीच कामाला येते. ‘शोधा आणि बदला’ केल्यावर प्लगइन बदललेल्या सगळ्या जागा एकाखाली एक दाखवतो, डावीकडे जुने, उजवीकडे नवे. त्यातली तालुक्याच्या रकान्यातली ओळ निवडून मंचावर घ्यायची. ‘राजगड बुद्रुक’ झालेली ओळ तिथल्या तिथे माघारी फिरवायची. २०११ च्या तक्त्याला हात लागला असेल तर तो बदल रद्द करायचा. मग कारण लिहून नोंद पक्की करायची. कारणाच्या जागी नुसते ‘बदल केला’ असे लिहिण्याची सवय सार्वत्रिक आहे. अधिसूचनेचा महिना आणि ‘फक्त तालुक्याचे नाव, गावांची नावे कायम’ एवढे लिहिले तरी पाच वर्षांनी येणाऱ्याचा अर्धा दिवस वाचतो.

मराठी मजकुरात अडते कुठे?

बहुतेक साधने इंग्रजी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत, हे पहिल्याच फाइलला कळते. ‘वेल्हे’ असे नाव देऊन फाइल ठेवली की गिट तिचे नाव मूळच्या मांडणीत दाखवतच नाही; ‘व’ च्या जागी ३४०, २४४, २६५ अशा आकड्यांची रांग येते. नाव बिघडलेले नसते. इंग्रजीखेरीज इतर अक्षरे सुरक्षितपणे दाखवण्याची ती गिटची जुनी पद्धत आहे आणि ‘कोटपाथ’ नावाची एक सेटिंग बंद केली की देवनागरी दिसू लागते. पण ही सेटिंग ठाऊक नसलेला नवखा विद्यार्थी फाइल खराब झाली असे समजून तिचे नाव इंग्रजीत बदलून मोकळा होतो. चांगल्या प्लगइनने हे आकडे स्वतःच उलगडून दाखवायला हवेत.

पुढची अडचण मोजणीची. युनिकोडच्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मांडणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘वेल्हे’ या शब्दात डोळ्यांना दोन-तीन अक्षरे दिसतात. संगणकाला सहा चिन्हे आणि १८ बाइट दिसतात. एडिटर चिन्हे मोजतो आणि गिट बाइट मोजते, तेव्हा प्लगइनने हिशेब जुळवला नाही तर रंगाची खूण भलत्याच जागी पडते. ‘वेल्हे’चे ‘वेल्हा’ झाले की बदल एका मात्रेचा. फक्त मात्रेला रंग देणारा प्लगइन ती अक्षरापासून तोडून, टिंबटिंबांच्या वर्तुळावर बसवून दाखवतो. पूर्ण अक्षर एकक धरले तर हे टळते.

सर्वांत चकवणारी गोष्ट म्हणजे ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द. त्यातला अर्धा ‘ऱ्य’ लिहिण्याच्या एकापेक्षा जास्त पद्धती आहेत. नुक्ता आत सामावलेला ‘ऱ’ वापरून, साध्या ‘र’ ला वेगळा नुक्ता जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घालून. तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. पण एकाने एका कीबोर्डवर लिहिलेली फाइल दुसऱ्याने दुसऱ्या फोनवर सेव्ह केली आणि त्या फोनने आपल्या पद्धतीने शब्द लिहिले, तर डिफमध्ये ओळी बदललेल्या दिसतात आणि डोळ्यांना फरक काहीच दिसत नाही. शोधतानाही एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने सापडत नाही. पहिल्या दोन पद्धती युनिकोडच्या नियमांनुसार समानच मानल्या जातात, त्यामुळे नोंद करण्यापूर्वी त्या एकसारख्या करून घेता येतात. जोडचिन्हाची तिसरी पद्धत मात्र त्या नियमात येत नाही, तिच्यासाठी वेगळी चाळणी लावावी लागते. ‘दऱ्या’, ‘नोकऱ्या’, ‘सातबाऱ्या’ यांनी भरलेल्या भाषेत ही बाब किरकोळ नाही.

युनिकोडपूर्वीच्या फाँटमध्ये साठवलेल्या जुन्या मराठी फायलींबाबत तर बोलायलाच नको. त्यांत आतून रोमन अक्षरांची भेंडोळीच असतात. आधी त्यांचे रूपांतर, मग इतिहास.

शेतकऱ्याचा यात काय संबंध?

महसूल खात्याच्या ई-फेरफार प्रणालीत गिट वापरावी असे कोणी म्हणत नाही. ती डेटाबेसवर चालणारी प्रणाली आहे आणि तिचा कायदा वेगळा आहे. तरी दोन्ही पद्धती शेजारी ठेवल्या की कोणाकडे काय कमी आहे ते दिसते.

फेरफारात जे आहे ते गिटमध्ये नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० नुसार तलाठ्याने, म्हणजे आताच्या पदनामाने ग्राम महसूल अधिकाऱ्याने, नोंद घेतल्यावर ती चावडीवर लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची, हरकतीसाठी १५ दिवस थांबायचे आणि मग मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करायची. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. लेखनिकाची चूक कलम १५५ खाली दुरुस्त होते आणि प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, असे कलम १५७ सांगते. गिटमध्ये मात्र नोंद करणारा आपल्या नावाच्या जागी कोणाचेही नाव टाकू शकतो. डिजिटल सहीची वेगळी सोय चालू केली नसेल तर ती थांबवत नाही. ‘ब्लेम’मध्ये दिसणारे नाव हा पुरावा नव्हे, हे प्लगइन वापरणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

उलट गिटमध्ये जे आहे ते सातबाऱ्यात नाही, ते म्हणजे फरक दाखवणारा पडदा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, १५ रुपये भरून तो मोबाइलवर उतरवता येतो. त्यावर शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आणि तारीख असते, प्रलंबित फेरफार असल्यास तोही दिसतो. पण तीन वर्षांपूर्वी काढलेला उतारा आणि आजचा उतारा यांत काय बदलले, हे दोन्ही कागद शेजारी धरून डोळ्यांनीच जुळवावे लागते. क्षेत्रातला एखादा आर कमी झाला, इतर हक्कात एक ओळ वाढली, नावात वेलांटी बदलली, तर नजर सहज निसटते. भोर-राजगडमधली कितीतरी कुटुंबे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला असतात, गावाकडे जमीन असते आणि उतारा निघतो तो कर्ज, वारस किंवा व्यवहाराची वेळ आल्यावरच. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा देवघर या धरणांच्या काठच्या आणि पुण्याजवळच्या जमिनींना मागणी आहे. तिथे उशिरा कळलेला बदल महाग पडतो.

हस्तलिखित सातबारा आणि संगणकीकृत सातबारा यांत तफावती राहिल्या म्हणून २०१७ मध्ये राज्यभर चावडी वाचनाची मोहीम घ्यावी लागली. उतारे लोकांपुढे वाचून दाखवायचे आणि चुका टिपायच्या. दोन प्रतींमधला फरक शोधण्याचे हे काम माणसांच्या कानांनी केले गेले. नंतर २०२५ मध्ये मयत खातेदारांच्या वारसांची नावे लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीम आली. दर काही वर्षांनी मोहीम काढावी लागते, याचाच अर्थ रोजच्या रोज फरक पाहण्याची सोय कुठेतरी कमी पडते. जुन्या आणि नव्या उताऱ्यातला बदल रंगाने दाखवणारे एक पान नागरिकांच्या पोर्टलवर देणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. त्यासाठी लागणारे फेरफार क्रमांक खात्याकडे आधीच आहेत.

नावे बदलत राहणार. यावर उपाय काय?

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबादचे धाराशिव, अहमदनगरचे अहिल्यानगर आणि आता वेल्ह्याचे राजगड. राज्यातल्या माहितीच्या तक्त्यांना नामांतर ही आता नित्याची बाब आहे. नावावर नव्हे तर सांकेतांकावर विसंबणे हा पहिला उपाय. केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका, म्हणजे एलजीडी, प्रत्येक जिल्हा, तालुका आणि गावाला वेगळा सांकेतांक देते. सुधारित सातबाऱ्यावर गावाच्या नावासोबत तो छापायचे ठरले ते याचसाठी.

गावांच्या यादीत प्रत्येक ओळीत तालुक्याचे नाव लिहिलेले असेल तर नामांतराने शंभराहून अधिक ओळी बदलतात आणि डिफ वाचवत नाही. त्याऐवजी गावांपुढे फक्त तालुक्याचा सांकेतांक ठेवला आणि नावे एका वेगळ्या छोट्या तक्त्यात ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ या दोन रकान्यांसह ठेवली, तर बदल दोन ओळींत मावतो : ‘वेल्हे’ची मुदत संपली, ‘राजगड’ची सुरू झाली. ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनी बनवलेल्या नकाशात हीच सोय थोड्या वेगळ्या रूपात आहे. तिथे चालू नावासोबत जुने नाव ठेवायला स्वतंत्र रकाना आहे आणि प्रत्येक बदलाचा इतिहास कोणालाही पाहता येतो. मराठी विकिपीडियावरच्या प्रत्येक लेखाला ‘इतिहास’ आहेच; तालुक्याच्या लेखात कोणी काय बदलले ते फोनवरही दोन टिचक्यांत दिसते.

कायद्याच्या मजकुरासाठीही हा मार्ग वापरला गेला आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन डीसी शहराने आपले कायदे गिटहबवर ठेवले आणि २०१८ मध्ये एका रहिवाशाने सुचवलेली टंकलेखनाची दुरुस्ती तिथूनच स्वीकारली. भारतात मे २०२० मध्ये ‘आरोग्य सेतू’ अ‍ॅपचा कोड गिटहबवर खुला झाला होता. राज्याच्या अधिसूचना मात्र अजून पीडीएफमध्ये येतात. त्यातल्या कित्येक स्कॅन केलेल्या. त्यातला शब्द शोधणेही कठीण, मग फरक काढणे दूरच.

वापरायला सुरुवात करताना काय सांभाळावे?

भोर किंवा राजगडमधल्या एखाद्या शाळेला, ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाला किंवा किल्ल्यांची माहिती लिहिणाऱ्या ट्रेकरला हे करून पाहायचे तर खर्च शून्य आहे. गिट आणि व्हीएस कोड दोन्ही मोफत मिळतात आणि अँड्रॉइड फोनवर टर्मक्स अ‍ॅपमधूनही गिट चालते. मात्र संगणक अनेकांच्या वापराचा असेल तर एक काळजी घ्यावी. दुसऱ्याने बनवलेल्या फोल्डरमधल्या सेटिंग तुमच्या नकळत आज्ञा चालवू शकतात, ही त्रुटी लक्षात आल्यावर एप्रिल २०२२ मध्ये गिटने दुसऱ्याच्या मालकीचे फोल्डर विचारल्याशिवाय उघडणे बंद केले. व्हीएस कोड २०२१ पासून अनोळखी फोल्डर उघडताना ‘यावर विश्वास आहे का’ असे विचारतो. हा प्रश्न न वाचता ‘हो’ म्हणू नये. प्लगइनही ओळखीच्याच लेखकाचा घ्यावा. त्याला तुमच्या सगळ्या फायली वाचता येतात.

आणि आधार क्रमांक, बँक खाते, खातेदारांचे फोन असलेली यादी गिटमध्ये टाकून नंतर खोडली तरी ती जुन्या नोंदींत राहते. हा इतिहास विसरत नाही, हे त्याचे बळ तसेच जोखीमही.

राजगडच्या नावाची पहिली मोठी कसोटी जनगणनेत लागेल. २०२७ च्या जनगणनेसाठी प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ रोजी गोठवायचे ठरले होते आणि तालुक्याची अधिसूचना त्याआधी चार महिने निघाली. त्यामुळे नव्या तक्त्यांत ‘राजगड’ येणे अपेक्षित आहे, तर २०११ च्या तक्त्यांत ‘वेल्हे’ राहील. दोन जनगणनांमधली लोकसंख्येची तुलना करणाऱ्या प्रत्येकाला या दोन नावांच्या मध्ये एक ओळ जोडून घ्यावी लागेल, आणि ती ओळ कोणत्या अधिसूचनेवरून जोडली हेही लिहून ठेवावे लागेल.